लग्न ठरलं म्हणून गोळी बंद नका करू

ताई, तुम्ही विचारलंत की भाचीला फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे आणि आता लग्न ठरलंय तर बंद करावी का, तर अशी अचानक अजिबात नका करू, फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं. पण ह्या गोळीने गरोदरपणात बाळाच्या मणक्यात दोष येण्याचा, पुढे बुद्धीच्या वाढीवर परिणाम व्हायचा धोका आहेच, म्हणून दिवस राहायच्या आधीच न्यूरोलॉजिस्टना, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना भेटा, जमत असेल तर ते हळूहळू लेव्हेटिरासिटॅम नाहीतर लॅमोट्रिजिन ह्या फिट्सच्याच दुसऱ्या गोळ्यांवर आणतात, फॉलिक अ‍ॅसिड देतात. इथे इंदूरलाच माझी मावसबहीण लेव्हेटिरासिटॅमवर सुरुवातीला इतकी चिडायची की भरलं ताट सरकवून उठायची, तसं झालं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. लॅमोट्रिजिनवर पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि सासरी लपवू नका हो, चोरून गोळ्या घेताना नेमका डोस चुकतो.