अनुभव धागा : चर्चच्या मदतगटाचं काम

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आणि मंडळ्यांत मदतीच्या याद्या निघतात. या कामात मुरलेल्यांनी लिहावं : काय द्यायचं, कसं, आणि कुठे फसतं. श्रद्धेच्या साक्षी नकोत, तपशील हवा.

कोठारवाला
रेशनवर अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. त्यावर आपण पुन्हा गहू-तांदूळ दिला की तो विकला जातो आणि गटात कुजबुज सुरू होते, 'बघा, यांना गरजच नव्हती.' अडतं ते डाळ-तेलाशी. चौघांच्या घराला महिन्याला मसूर २ किलो, तूर १ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे १ किलो, शिवाय साखर, मीठ, चहा, साबण. मसूर जास्त, कारण ती लवकर शिजते आणि गॅस वाचतो. साबण वेगळ्या पिशवीत, नाहीतर चहापत्तीला वास लागतो. आणि फुकटच्या चहाबद्दल तक्रार करायला कोणी येत नाही. पावसाळ्यात रवा-बेसन नको, किडे होतात. कार्डच नसेल तर मात्र धान्य द्याच.

पायवाट, मिरज
कुष्ठरोग्यांसाठी चपला वाटणाऱ्यांनो, थांबा. औषधांनी रोग बरा होतो (प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने), पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. बाजारातली चप्पल चावते आणि पायाला ते कळतच नाही. चप्पल एमसीआर (मायक्रोसेल्युलर, बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची हवी, म्हणजे आत मऊ, खाली टणक तळ, मागे पट्टा. बोटांत पकड नसते, म्हणून पट्टा. खिळा एकही नको, चिकटवून आणि शिवूनच. नवी चप्पल पहिल्या दिवशी दोनच तास, मग काढून पाय बघायचा. लाली उतरली नाही तर तिथे दाब पडतोय.

रोजचं काम : साध्या पाण्यात २० मिनिटं पाय बुडवणं. गरम पाणी नको, पोळलेलं कळत नाही. घट्टे खरबरीत दगडाने हलके घासायचे, ब्लेड कधीच नाही. पाय ओलसर असतानाच खोबरेल लावायचं, म्हणजे ओल आत राहते. तळवा दिसायला आरसा लागतो. देणगीत आरसे मागा, दहा-वीस रुपयांची वस्तू, पण कोणाच्या यादीत नसते. जखम झालेली असेल तर मलमापेक्षा मोठं औषध म्हणजे त्या पायावर न चालणं. मजुरी बुडते म्हणून माणूस चालतो. तेवढ्या दिवसांचा शिधा गटाने उचलला तर जखम भरते.

उतारशाळा
इस्पितळाचं बिल : पैसे नातेवाइकांच्या हाती न देता बिलाच्या खिडकीवर, पेशंटच्या नावाने भरा, पावती घ्या. येशूच्या दाखल्यातल्या भल्या शोमरोन्यानेही जखमी माणसासाठीची नाणी उतारशाळेच्या (धर्मशाळेच्या) रखवालदाराला दिली होती. त्याआधी वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल होतानाच सांगायचं. बिल फुगल्यावर सांगितलं की खेटे सुरू.

दोघेदोघे
घरभेटीला जोडीने जा, त्यात एक बाई हवीच. पाण्याच्या वेळेला जाऊ नका. फोटो नाही. पिशवीवर चर्चचं नाव छापू नका, चाळीत ती वाचली जाते.