मदत हवी आहे: नुकताच मधुमेह निघाला, कर्बोदकं कमी केली, पण रोज अकरा वाजता हातपाय लटपटतात

रिमझिम४६

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे, स्वतःसाठी धागा पहिल्यांदाच काढतेय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

बारा दिवसांपूर्वी नेहमीच्या तपासणीत टाइप २ मधुमेह निघाला. वय ४६, वजन ७८ किलो. उपाशीपोटी शुगर १७२, जेवणानंतर दोन तासांनी २५१, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ८.४. फार तहान, सारखी लघवी असलं काही जाणवत नव्हतं. थकवा होता, पण तो कामाचाच धरून चालले होते. माझ्या आईला मधुमेह होता. शेवटच्या चार वर्षांत तिची नजर जवळजवळ गेलीच होती, मी तिला रोज पेपर वाचून दाखवायचे. त्यामुळे रिपोर्ट हातात पडला तेव्हा मनात पहिल्यांदा डोळेच आले.

डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. गोड बंद, भात कमी, रोज चाला, एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आहाराबद्दल विचारायचं राहूनच गेलं. मग घरी येऊन वाचत बसले आणि कर्बोदकं कमी करायचं ठरवलं. सुरुवात करण्याआधी रोज जेवढा भात वाढून घेते तेवढा एकदा काट्यावर ठेवून पाहिला. २६० ग्रॅम! शिजलेल्या १०० ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका जेवणातल्या एकाच पदार्थातून ७३ ग्रॅम. काटा शून्यावर आणून पुन्हा मोजला, तेवढाच भरला.

पाच दिवस झाले, भात, पाव, बटाटा, साखर, फळं सगळं एकदम बंद केलंय. अंडी, दही, पालेभाज्या, फ्लॉवर, चिकन, थोडे बदाम, एवढ्यावर आहे. आता प्रश्न. दिवसाला नेमकी किती ग्रॅम कर्बोदकं ठेवायची? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो. दुसरं, रात्री कर्बोदकं जवळजवळ नसतातच, तरी सकाळी उपाशीपोटी १६८, १६१, १६५ अशीच शुगर येते. रात्रभर पोटात काही नसताना ती येते कुठून? आणि तिसरं, रोज सकाळी अकराच्या सुमारास हात लटपटतात, घाम फुटतो, डोकं हलकं होतं आणि मिळेल ते तोंडात टाकावंसं वाटतं. शरीराला सवय होईपर्यंत असं होतं असं वाचलं, म्हणून तसंच रेटतेय. हे किती दिवस चालतं?

सांजवेळ

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं आधी बोलू, बाकीचं सावकाश. गोळ्यांची नावं काय आहेत? लटपटतं तेव्हा शुगर मोजून पाहिलीत का? आणि तुमचं उत्तर येईपर्यंत कृपया रेटू नका, उपाशी राहू नका.

रिमझिम४६

मेटफॉर्मिन ५०० सकाळी आणि रात्री, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी न्याहारीच्या वेळी. तेव्हा मोजली नाही. ग्लुकोमीटर आहे, पण फक्त सकाळी उपाशीपोटी मोजते.

सांजवेळ

मी डॉक्टर नाही, नऊ वर्षांचा मधुमेही आहे. पण हे वाचून स्वस्थ बसवत नाही.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर सहसा फार खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही भात खाल्ला असो वा नसो. तुमचा डोस ठरला तेव्हा तुम्ही २६० ग्रॅम भात खात होतात. भात गेला, गोळी तशीच राहिली. अकरा वाजता जे होतंय ते सवयीचं लक्षण नसून शुगर खरोखर खाली जात असण्याची शक्यता मोठी आहे.

उद्या लटपटलं की सगळ्यात आधी बोट टोचून आकडा बघा. ७० च्या खाली असेल तर तो हायपो, ५४ च्या खाली असेल तर गंभीर. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या वर गेली नसेल तर तेवढंच परत घ्या. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांमुळे साखर हळू चढते. मोजायला मीटर हाताशी नसेल तरी साखर घ्या, मोजण्यासाठी थांबू नका. त्या अवस्थेत गाडी चालवू नका. घरातल्यांना आजच सांगून ठेवा, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही हेही.

कधी कधी बरेच महिने शुगर चढलेली असली की ती नुसती नेहमीच्या पातळीवर आली तरी हायपोसारखंच वाटतं. म्हणून मोजणं हवंच. पण ते काहीही निघालं तरी उद्या सकाळची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांशी फोनवर बोलून घ्या. जेवणातून नेमकं काय काय काढलंय ते सांगा.

पाऊलखुणा

सांजवेळ यांना +१. ताई, रक्तदाबाची गोळी असेल तर तीही सांगा. कर्बोदकं कमी केली की शरीरातलं इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि रक्तदाब घसरू शकतो. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या आठवड्यात उठताना अंधारी यायची. रक्तदाबाच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केल्यावर थांबली.

रिमझिम४६

रक्तदाबाची गोळी नाही.

सकाळी दवाखान्यात फोन लावला तर डॉक्टर बारा वाजता येणार म्हणाले. निरोप ठेवला. गोळी घेऊ की नको या विचारात नेहमीच्या वेळेला घेऊन टाकली, ते चुकलंच. अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. हात इतके थरथरत होते की पहिली पट्टी खाली पडली आणि दुसरीवर रक्ताचा थेंब नीट लागेना. शेवटी डावा हात टेबलावर दाबून धरला. ६१. साखरेचं पाणी प्यायले, पंधरा मिनिटांनी ८४. त्यानंतर तासभर नुसती पडून होते.

साडेबाराला डॉक्टरांचा फोन आला. ग्लिमेपिराइड बंद करायला सांगितलं, मेटफॉर्मिन तसंच. आठवडाभर दिवसातून चार वेळा आकडे लिहून आणायचे आहेत. आहार बदलला तर गोळीचा डोस बदलतो हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही एवढा बदल करणार हे मला कळवलं नव्हतं. खरं आहे, पण मला तरी कुठे ठाऊक होतं की हे कळवायचं असतं? सांजवेळ, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी आणखी आठवडाभर सहन करत राहिले असते. मनापासून आभार.

निरंजनी

मी आहारतज्ज्ञ आहे. तुमचे उरलेले दोन प्रश्न घेते.

आकडे वेगळे दिसतात कारण 'लो कार्ब' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली असेल तर कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. २० ते ५० ग्रॅमच्या दरम्यानचा तो अगदी कमी कर्बोदकांचा, ज्याला कीटो म्हणतात. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून पाच दिवसांत थेट दुसऱ्या टोकाला गेला आहात. तुमच्या जागी मी १०० ते १३० वर सुरुवात केली असती आणि मीटर काय सांगतं ते पाहत उतरले असते. जो आहार सहा महिने निभेल तोच कामाचा. एकदम सगळं तोडून महिन्याभरात पुन्हा भाताच्या त्याच ताटावर आलेले फार जण मी पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं.

मोजण्याची पद्धत बदला. फक्त उपाशीपोटीचा आकडा पाहून कुठल्या जेवणाने काय केलं ते कळत नाही. जोडीने मोजा, घास घेण्याआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी. फरक ३०-४० च्या आत राहिला तर ते जेवण तुम्हाला मानवलं. शंभर ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम शिजवलेली डाळ अशी एकेक दिवस तपासून पाहा. डाळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असली तरी त्यातली ७-८ ग्रॅम चोथ्याची असतात आणि तो रक्तात साखर म्हणून उतरत नाही. त्याच ताटातली भाजी आणि अंडं आधी, भात शेवटी, असं खाल्लं तरी चढ कमी दिसतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर आणखी कमी. सफरचंदात १०० ग्रॅममागे सुमारे १४ ग्रॅम आहेत, तेव्हा अर्धं सफरचंद जमेल, पण फळांचा रस पूर्ण सोडा.

सकाळच्या शुगरचं कोडं बहुतेकांना पडतं. ती साखर रात्रीच्या जेवणातून येत नाही, यकृतातून येते. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, यकृत साठवलेलं ग्लुकोज सोडतं, आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर ते आवरू शकत नाही. जेवणानंतरचे आकडे आधी सुधारतात, उपाशीपोटीचा सगळ्यात शेवटी. त्या एका आकड्यावरून खचू नका.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर त्यात बरंचसं पाणी असतं. ग्लायकोजेनच्या, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लुकोजच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते जातं. डोकेदुखी, पायात गोळे, शौचाला घट्ट, हे त्या सुमारास होतं. पाणी आणि भाज्या वाढवा. आणि प्रथिनं भरमसाट वाढवण्याआधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. झालंय का?

रिमझिम४६

क्रिएटिनिन ठीक आहे. लघवीची तपासणी सांगितली नव्हती, आता मागून घेते.

आकडेमोड

यातून मधुमेह परतवता येतो का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेलच. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, १३५७ लोकांचा. सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली गेलेले कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के आणि इतर आहारांच्या गटात ३१ टक्के होते. मात्र यातल्या अनेकांच्या गोळ्या चालूच होत्या, आणि वर्षअखेरीला दोन गटांतला फरक बराच ओसरला. दुसरी ब्रिटनमधली डायरेक्ट चाचणी, २०१७ ची. तिथे कर्बोदकांवर भर नव्हताच, दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा पातळ आहार तीन ते पाच महिने दिला होता. वर्षाने ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. म्हणजे वजनाचा वाटा मोठा आहे, आणि टिकवणंच अवघड आहे. तुमचं निदान ताजं आहे, ही फार जमेची बाजू. असा आहार मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचा नाही.

वाटसरू७

धाग्याच्या विषयातच एक शंका. मला डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. मीही सोमवारपासून कीटो करू का?

निरंजनी

वाटसरू, नका करू. निदान डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तरी मुळीच नको. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यात कर्बोदकं फार तोडली तर रक्तात कीटोन्स, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, जीवघेण्या प्रमाणात साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. यात फसवं असं की शुगर २५० च्या खालीही असू शकते, त्यामुळे मीटर बघून काही गंभीर आहे असं वाटतच नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्येच याचा इशारा दिला होता. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर शुगर कितीही असो, थेट रुग्णालय गाठा.

वाटसरू७

हे माहीतच नव्हतं. थांबतो. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

रिमझिम४६

चार आठवड्यांनी लिहितेय. ग्लिमेपिराइड बंद झाल्यापासून एकदाही लटपटलं नाही. सध्या ११० ग्रॅमच्या आसपास आहे, दुपारी ८० ग्रॅम भात, तोही मोजून आणि शेवटी. जेवणानंतर दोन तासांनी बहुतेक वेळा १४० ते १५५. उपाशीपोटी अजून १३०-१३८, निरंजनींनी सांगितलं तसंच ते सगळ्यात मागे आहे. वजन ७४.५. लघवीतलं अल्ब्युमिन ठीक आलं.

एकदा २३१ आकडा बघून रडूच आलं होतं. मग आठवलं की त्याआधी मुलीला संत्रं सोलून दिलं होतं. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १३८. आता हात धुतल्याशिवाय मोजत नाही. कुणी नव्याने मोजायला लागलं असेल तर हे लक्षात ठेवा, त्या २३१ वर मी गोळीबद्दल फोन करणार होते.

पुढची एचबीए१सी तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावर, तेव्हा आकडा इथेच टाकेन. डोळ्यांची तपासणी काल झाली. टाइप २ मध्ये ती निदान झाल्याबरोबर करून घ्यायची असते हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच कळलं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या, त्यामुळे घरी आल्यावर अक्षर लागत नव्हतं. रिपोर्ट मुलीने वाचून दाखवला. पडद्यावर मधुमेहाचे बदल नाहीत, वर्षाने पुन्हा.