शस्त्रक्रियेच्या वेळी कर्णनाद वाढू नये म्हणून काय करावे?

प्रश्न: मला चार वर्षांपासून कर्णनाद (बाहेर आवाज नसतानाही कानात आवाज येत राहणे) आहे आणि मोठे आवाज सहन होत नाहीत. लवकरच गुडघ्याचे सांधेरोपण होणार असून, करवतीच्या आवाजाने किंवा औषधांनी हा त्रास वाढेल, ही धास्ती मनातून जात नाही.

उत्तर १: आपली शंका अनाठायी नाही. अशा शस्त्रक्रियेतील उपकरणांचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो आणि रुग्ण पूर्ण भुलीखाली असला तरी त्याच्या कानाच्या आतील भागावर त्या आवाजाचा आघात होतच असतो. फोमचे इअरप्लग पिळून खोलवर बसवल्यास तो बराच कमी होतो. हाडांतून पोहोचणारी कंपने मात्र त्यांनी थांबत नाहीत. गुडघा कानापासून लांब आहे, हे त्यातल्या त्यात बरे!

उत्तर २: मला औषधांची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. जेंटामायसिन व अमिकासिन ही प्रतिजैविके, तसेच शिरेतून वेगाने दिलेले फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध कानांना अपाय करू शकते. म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच भेटून पर्यायांविषयी विचारावे आणि कर्णनादाची नोंद केसपेपरवर करून घ्यावी. आधी ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढून ठेवल्यास नंतर तुलना करता येते.

प्रश्नकर्ता: भूल कण्यातून देणार आहेत.

उत्तर २: मग आपण जागे असाल, त्यामुळे इअरप्लग घालण्यापूर्वी सूचना खुणेने देण्याचे ठरवून घ्यावे. अशा भुलीनंतर क्वचित तात्पुरते कमी ऐकू येते. तसे झाल्यास लगेच सांगावे.