खर्रा सोडवताना सुपारीकडे लक्ष द्या

तंबाखू सोडवायची तर ओपीडीच्या गर्दीत समुपदेशनाला वेळ नसतो, निकोटिन गम (तलफ भागवायला चघळायचं औषध) लिहून द्यावा, असं काही डॉक्टर म्हणतात. वेळेचं पटतं. पण आमच्या यवतमाळकडे सवय खर्र्याची (सुपारी, तंबाखू नि चुना घोटून केलेलं मिश्रण), आणि त्यातल्या सुपारीनं तोंड आखडलेल्याला गम चघळणंच जड जातं. त्याला त्वचेवर चिकटवायचा निकोटिन पॅच बरा. तोंड किती उघडतं ते बघायला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा, मिनिटही लागत नाही. पंचविशीतल्या पोराची दोनच गेली की तो खरंच घाबरतो, तेव्हाच बोला.

आणि 'तंबाखू सोडला डॉक्टर, आता बिनतंबाखूचा खर्रा घोटून घेतो' म्हणणाऱ्याला तिथेच अडवा, कळकळीनं सांगतो! सुपारी एकटीही कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ च्या अहवालातच तसं नोंदवलंय. १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा) मोफत नंबर औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्या.