मत वेगळं दिलं म्हणून मामांचा विश्वास खोटा ठरतो का?

कृष्णाकाठ (मिरज)
जय ख्रिस्त. बरेच दिवस सलतंय ते मांडतो.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. 2024 च्या लोकसभेनंतर एका गुरुवारी माझे मामा आले होते. वय 74, उभा जन्म दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून गेला. मत कुणाला दिलं हे ते लपवत नाहीत. ज्याच्या माणसांनी आमच्या दफनभूमीची पडलेली भिंत बांधून दिली, त्याला दिलं. प्रार्थना चालू असताना एक भाऊ मोठ्याने म्हणाले, "प्रभो, मंडळीत बसून जे अंधाराला मत देतात, त्यांचे डोळे उघड." सगळ्यांचे डोळे मिटलेले, तरी रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळलं. दोघा-तिघांनी 'आमेन' म्हटलं. मामांनी चष्मा डबीत ठेवला, पवित्र शास्त्र (बायबल) पिशवीत घातलं आणि उठले. बशीने झाकून ठेवलेला त्यांचा चहा तसाच राहिला.

आता ते रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "माझ्यात अंधार आहे म्हणे."

त्या निवडणुकीत सांगलीत अपक्ष निवडून आला. भल्याभल्या पक्षवाल्यांची घरं फुटली. आमच्याच घरात तीन मतं तीन ठिकाणी गेली, मग तिघांतला विश्वासू कोण? प्रभूच्या बारा शिष्यांत रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा मत्तय होता आणि ज्याला शास्त्र 'जिलोत', म्हणजे त्या सत्तेचा कडवा विरोधक, म्हणतं तो शिमोनही होता. दोघे एकाच पंगतीला बसले. आपल्याला ते का जमू नये?

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)
दादा, प्रार्थनेच्या आडून टोमणा मारणं चूकच. मामांबद्दल वाईट वाटलं. पण मत्तयाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. 'माझ्यामागे ये' म्हटल्यावर तो जकातनाक्यावरून उठला. नाका सांभाळून शिष्य राहिला नाही.

माझे आजोबा गावकुसाबाहेरचे. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. जात तशीच राहिली, सवलत मात्र गेली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंसाठी धरल्या. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले. आम्ही अजून बाहेर. परवा मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरत होतो. जातीच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. माझ्याकडे बघत राहिली. मला उत्तर देता येईना.

आम्हाला कधीच आत घेऊ नये असं भर सभेत बोलणाऱ्याला माझ्याच मंडळीतला भाऊ मत देतो, आणि रविवारी माझ्याबरोबर एकाच भाकरीतून घेतो. मी त्याला काही विचारूच नये? बायबलमधला आमोस संदेष्टा अन्याय बघून गप्प बसला नव्हता. हिटलरच्या जर्मनीत 1934 साली बार्मेन गावी पाळक (पाद्री) आणि विश्वासी जमले आणि मंडळीचा प्रभू येशूच, कुठला पुढारी नव्हे, असं त्यांनी जाहीर केलं. मताचा आणि विश्वासाचा संबंध नसता तर त्यांना जमायचं कारणच नव्हतं.

हळदीचा वास (सांगली)
राजकारण मंडळीत नकोच. पाळकसाहेबांनी बंदी घालावी, विषय संपला.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)
दफनभूमीची भिंत बांधून घेतली तेव्हा ते राजकारण नव्हतं का, भाऊ?

एक ताई (विश्रामबाग, सांगली)
मी दुसऱ्या बाजूने मार खाल्लाय. एका मोर्चाला गेले म्हणून मंडळीच्या पंचांनी मला "जगाच्या मागे लागलीस" म्हटलं आणि संडे स्कूलचा माझा वर्ग काढून घेतला. अकरा मुलं होती, त्यांतली चार अजून रस्त्यात भेटली की 'टीचर' म्हणतात. तेव्हा कुणाला रोमकरांस पत्र आठवलं नाही. दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण, हे पौलाने लिहून ठेवलंय की.

सातारकर दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. तो मामांना तोंडावर विचारा. "हे मत तुम्ही का दिलं, त्याने माझ्या पोरीचं काय होतं" असं म्हणा. पण "तुम्ही ख्रिस्तीच नाही" म्हटलं की विचारण्यासारखं काही उरत नाही. तुमच्याच साताऱ्यात 1917 साली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही येशूचे म्हणून एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. आपण बाप्तिस्मा झालेल्यांनाच बाहेर काढत सुटलोय.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)
ताई, तोंडावर विचारायला समोरचा बसायला हवा. आमच्याकडे असला विषय काढला की लोक चपला शोधतात. आणि मी कुणाचा बाप्तिस्मा पुसत नाही. पण माझं दुखणं मंडळीचं दुखणं नसेल, तर मंडळी म्हणजे ख्रिस्ताचं 'एक शरीर' हे शब्द मला गळ्याखाली उतरत नाहीत. यावरून मी मागे हटणार नाही.

कृष्णाकाठ (मिरज)
हटू नका. जातीच्या दाखल्याचं मी मामांशी कधी बोललोच नाही. त्यांना भिंत दिसली, तुमच्या मुलीचा फॉर्म दिसला नाही. तो दाखवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

येत्या गुरुवारी प्रार्थना आमच्याकडे आहे, संध्याकाळी सातला. तुम्ही साताऱ्याहून या, फॉर्मही आणा. मामांना मी गाडीवर घेऊन येतो. ते चिडतील, तुम्हीही चिडाल. पण चहा संपेपर्यंत कुणालाच उठू देणार नाही.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)
येतो. मुलीलाही आणतो. तिचं तिलाच विचारू दे.