कळा, श्वास आणि फुकटचे उपदेश

कोरांटी:
‘प्रसूतीच्या कळा ही चुकीच्या श्वासाची शिक्षा आहे, दीर्घ श्वास घेणाऱ्या स्त्रीला भुलेची गरज पडत नाही’, असे एका श्वास-प्रशिक्षकाने काल लिहिले आणि त्यावर वाहवाही झाली, म्हणून हा धागा काढावा लागला. श्वासाचा वेदनेवर परिणाम होतो, हे नाकारत नाही. पण वेदनाही श्वासाला सोडत नाही. कळ आली की श्वासाची गती वाढते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना व बोटांना मुंग्या येतात आणि मग दटावणाऱ्यांना ती बाई घाबरट वाटू लागते.

ताकपीठ:
फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघात श्वासाच्या साहाय्याने कळा सोसण्याची ही पद्धत पाहिली व पॅरिसमध्ये रुजवली. ती अनुसरणाऱ्या असंख्य स्त्रिया खुळ्या होत्या काय? मला दोन्ही बाळंतपणांत श्वासानेच तारले. आपल्याला तो साधला नसेल, तर दोष पद्धतीला देऊ नये.

कोरांटी:
‘साधला नसेल’ हीच ती शिक्षेची भाषा! लामाझ केवळ श्वास शिकवत नव्हते; प्रसूतीची आगाऊ माहिती आणि शेजारी प्रशिक्षित सोबतीण हीसुद्धा त्या पद्धतीची अंगे होती. आपल्याकडे सोबतीण दाराबाहेर ठेवतात आणि श्वास तेवढा आत पाठवतात.

जुना_फिजिओ:
माझ्या वडिलांच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा प्रत्येक श्वासाला कळ येई, म्हणून ते उथळ श्वास घेत. कफ साचला आणि न्यूमोनिया झाला. पुरेसे वेदनाशामक न देता त्यांना ‘खोल श्वास घ्या’ असे सांगणारे डॉक्टर मला अजून आठवतात. शिवाय, पॅरिसमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांचा श्वास मुद्दाम जड केला असता पायातील वेदनेची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली. म्हणजे तेथे वेदना दाबली, ती दुसऱ्या त्रासाने. शांत श्वासाने नव्हे. मॉर्फिनने दम लागणे आणि दुखणे ही दोन्ही कमी होतात, तीही या दोहोंच्या नात्याचीच खूण आहे.

ताकपीठ:
बरगड्यांचा प्रसूतीशी काय संबंध?

माजघर:
संबंध पैशाशी आहे. रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही, म्हणून श्वासाचे गोडवे गायले जातात. ब्रिटनमध्ये प्रसूतीच्या वेळी नायट्रस ऑक्साइड हा वेदनाशामक वायू व ऑक्सिजन यांचे समसमान मिश्रण श्वासावाटे देतात. आमच्या तालुक्यात मी त्याची चौकशी केली, तर सासूबाईंसमोर मला ‘सहनशक्ती वाढवा’ असे ऐकवण्यात आले. पाठीतून देण्याच्या भुलेबद्दल विचारले, तेव्हा ‘आयुष्यभर कंबर दुखेल’ ही भीती घातली. कंबर तर भूल न घेतलेल्यांचीही दुखते, महाराज!

ताकपीठ:
ठीक आहे, श्वास हा भुलेला पर्याय नाही, असे हवे तर स्टॅम्पपेपरवर लिहून देते. पण भूलतज्ज्ञ येईपर्यंत बाईने काय करायचे, श्वास रोखून धरायचा?

कोरांटी:
तिला वाटल्यास तिने ओरडावे. ओरडतानाही दीर्घ श्वासच बाहेर पडतो, हे आपल्या प्रशिक्षकांना कळवावे.