सातेरी मधमाश्यांच्या पेटीत राणीघरं दिसतायत, माश्या उठून जातील का?

काजूबाग: नमस्कार मंडळी, चिपळूणजवळ आमच्या काजूत सातेरीची पेटी आहे, मोहोर जोरात आहे आणि आठही फ्रेम माश्यांनी गच्च झाल्यात. नर पण खूप वाढलेत. आज बघितलं तर पोळ्याच्या खालच्या कडेला चार-पाच राणीघरं (नव्या राण्या वाढतात ती घरं), त्यातल्या एकाचं तोंड बंद झालंय. सगळी मोडून टाकू की राणी बाहेर पडू नये म्हणून दाराला राणीजाळी लावू? ऐन हंगामात वसाहत गेली तर फार वाईट वाटेल हो.

रानमध: ताई, मोडायची घाई अजिबात करू नका, आधी जुनी राणी आत आहे का ते बघा. पहिलं राणीघर बंद झालं की ती साधारण तेव्हाच थवा घेऊन निघते, आणि ती गेलेली असताना तुम्ही सगळी घरं मोडलीत तर पेटी बिनराणीची होईल. राणी सापडली नाही तरी पोळ्याच्या साध्या घरात उभं ताजं अंडं दिसलं म्हणजे एक-दोन दिवसांपूर्वीपर्यंत तरी ती होती.

घाटमाथा: आम्ही दर आठवड्याला राणीघरं काढतो, वर मधकोठी (मध साठवायचा वरचा जादा कप्पा) चढवतो, चालतं.

रानमध: मधकोठी लवकर चढवली तर ठीक भाऊ, पण आता माश्यांनी उठायचं मनावर घेतलंय, एक घर जरी नजरेतून सुटलं तरी उठतातच. गर्दी तशीच ठेवून नुसतं मोडण्यात अर्थ नाही. ताई, सरळ विभाजन करा. जुनी राणी, पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) तीन फ्रेम आणि त्यावरच्या माश्या दुसऱ्या पेटीत घालून ती लांब ठेवा, बाहेर फिरणाऱ्या माश्या जुन्या जागीच परततात म्हणून थोड्या जास्त माश्या त्यात झटका आणि साखरेचा पाक द्या. जुन्या पेटीत चांगली मोठी एक-दोनच राणीघरं ठेवा, जास्त ठेवलीत तर नव्या राणीबरोबर परत थवा निघेल.

काजूबाग: आणि राणीजाळी?

रानमध: जुन्या पेटीला नकोच!! कोवळी राणी मिलनाला बाहेर उडते, जाळीने अडकली तर फळणार कशी, नरही आत कोंडतात. राणीघराचं टोक तपकिरी दिसलं की राणी निघायला आली समजा, मग दोनेक आठवडे पेटी उघडू नका, नंतर अंडी दिसतायत का ते बघा.

काजूबाग: राणी सापडली, आतच आहे! संध्याकाळी विभाजन करते.

रानमध: संध्याकाळी नको, उद्या सकाळी ऊन आल्यावर करा, माश्या बाहेर गेल्या की फ्रेम नीट बघता येतात.